छपरावर पडलेली गाडी पुन्हा बांधायची, तर सीटपासून

पत्र: बारा दिवसांपूर्वी आमची फोर बाय फोर उलटली. उताराच्या कुशीतून आडवी वाट होती, वेग चालण्याइतकाच. वरच्या अंगाचं पुढचं चाक दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालची कड खचली. गाडी दीड कोलांटी खाऊन छपरावर थांबली. मी चालवत होते, शेजारी धाकटा भाऊ होता. दोघांनी पट्टे लावले होते. त्याने खिडकीची चौकट घट्ट धरली होती, त्याची दोन बोटं चेचली. मागचा जॅक माझ्या सीटच्या पाठीवर येऊन आदळला. समोरच्या काचेचे खांब दुमडले आणि छप्पर स्टिअरिंगपर्यंत खाली आलं. गाडी जुनी, डिझेल, शिडीसारख्या चेसिसची. स्प्रिंगा उंच केलेल्या, टायर मोठे, वर कॅरिअरवर स्टेपनी आणि दोन कॅन. आता ती शेडमध्ये उभी आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, बाहेरून पिंजरा लावू, चार पट्ट्यांचा हार्नेस बसवू, आठवड्यात देतो. घरचे म्हणतात, भंगारात घाल. भाऊ म्हणतो, ताई, पुन्हा बांधू. इंजिन सुरू करून बघू का? पाइप कोणता घ्यावा? आणि चूक माझीच होती का? रात्री काच फुटल्याचा आवाज येतो, झोप लागत नाही, डोकं जड असतं, पण ते जागरणानेच असणार.

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेतो. ‘डोकं जड असतं, पण ते जागरणानेच असणार’ हे तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. डोकं कुठे आपटलं नाही, शुद्ध गेली नाही, तरी मेंदूला हादरा बसू शकतो. गाडी गिरक्या घेते तेव्हा डोकं मानेवर झटक्याने फिरतं, आणि तेवढं पुरतं. जडपणा, झोप बिघडणं, आवाज किंवा उजेड नकोसा होणं, बोलताना शब्द न सुचणं ही त्याची नेहमीची लक्षणं आहेत. क्वचित कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत जातं आणि त्याची खूण कित्येक दिवसांनी, कधी आठवड्यांनीही दिसते. म्हणून बारा दिवस गेले म्हणजे धोका गेला असं धरू नका. दुखणं वाढत असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, पेंग येत असेल, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा वाटत असेल, तर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. असं काही नसेल तरी या आठवड्यात मान आणि डोकं दाखवून घ्या. पोटावर पट्ट्याचा वळ उमटला असेल तर तोही दाखवा. भावालाही सोबत न्या. बोटांच्या जखमेपुढे त्याच्या मानेकडे कुणाचंच लक्ष गेलं नसेल.

तोवर ग्राइंडर हातात घ्यायचा नाही. गाडी कुठे पळून जात नाही.

काच फुटल्याचा आवाज रात्री ऐकू येणं पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे. महिना उलटूनही तो तसाच राहिला, किंवा गाडीत बसायच्या विचारानेच छाती धडधडू लागली, तर त्यासाठीही डॉक्टर असतात. ते दुखणंही बोटांच्या दुखण्याइतकंच खरं आहे.

इंजिनाचं उत्तर सोपं आहे: किल्ली फिरवू नका. गाडी उलटी असताना तळातलं ऑइल पिस्टनच्या कडेने आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, वाटेने सिलिंडरमध्ये, हवेच्या नळीत, एअर फिल्टरपर्यंत जातं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन त्या ऑइलवर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमची डिझेल आहे, तिथे आणखी एक धोका असतो. हवेच्या नळीत साचलेलं ऑइल हेच तिचं इंधन बनतं आणि किल्ली बंद केली तरी इंजिन बेफाम फिरत राहतं. तेव्हा आधी बॅटरी काढा, ऋण टोक पहिलं. एअर फिल्टर आणि नळ्या उघडून पुसा. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढा, भोकांवर फडकं धरा आणि क्रँक पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. जे बाहेर यायचं ते येऊ द्या. मग ऑइल बदला, कूलंट आणि ब्रेक ऑइल बघा, डिझेलच्या टाकीच्या झाकणाकडे आणि ब्रीदरकडे गळती शोधा, बॅटरीतलं आम्ल कुठे सांडलंय ते धुऊन काढा. हे सगळं झाल्यावरच किल्ली.

आता गाडीकडे. एक विनंती आहे, वाकलेला पत्रा कापायच्या आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि आतून दिसणारी प्रत्येक खूण वहीत लिहा. कुठली वस्तू कुणाच्या शरीरापर्यंत पोचली, एवढंच. तुमच्या पत्रात तीन खुणा स्पष्ट आहेत. छप्पर वरून आलं. जॅक मागून आला. हात बाहेर गेला. नव्या गाडीचा नकाशा याच तीन गोष्टींनी काढायचा आहे. तुमचा फॅब्रिकेटर सांगतोय तो बाहेरचा पिंजरा यातल्या एकाच गोष्टीचं उत्तर आहे, आणि तेही नीट बसवला तर.

बरीच माणसं उलटलेली गाडी पत्र्यापासून बांधायला घेतात. आधी पिंजरा, मग बंपर, मग दिवे, आणि शेवटी उरलेल्या जागेत सीट. मी उलट सांगेन. तुम्ही आणि भाऊ ज्या सीटवर बसणार ती सीट आधी ठरवा, ती जागेवर घट्ट बसवा, त्यात बसा, पट्टा आवळा. मग प्रश्न विचारा की गाडी उलटी झाली तर या शरीराभोवती काय काय येईल. केज, म्हणजे पाइपांचा पिंजरा, त्यानंतर आखायचा.

पण त्याच्याही आधी, गाडी उलटली का? हे न सोडवता केज लावला तर तुम्ही पुढच्या कोलांटीची तयारी करताय, ती टाळायची नाही. हिशेब साधा आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं अर्ध आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची, यांच्या गुणोत्तरावर गाडी किती अंशांवर कलंडेल ते ठरतं. समजा चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ७० वर. अर्ध अंतरही ७०, म्हणजे उभ्या गाडीला कागदावर ४५ अंश मिळतात. आता स्प्रिंगा आणि टायरमुळे गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर वर गेला. १७०० किलोच्या गाडीवर जमिनीपासून १९० सेंटिमीटर उंचीला ६० किलोचं सामान ठेवलं की तो आणखी सुमारे ४ सेंटिमीटर चढतो. ७० ला ८० ने भागा: कागदावरचा कोन ४१ वर आला. चार अंश गेले, तेही गाडी जागची न हलता.

आणि डोंगर कागदावर नसतो. वरचं चाक २० सेंटिमीटरच्या दगडावर आणि खालचं चाक १० सेंटिमीटर खचलेलं, म्हणजे तो ॲक्सल एकटाच १२ अंशांच्या आसपास कलतो. पुढचाच ॲक्सल असल्यामुळे त्यातला साधारण निम्मा भाग बॉडीकडे येतो. त्यात खालच्या अंगाच्या स्प्रिंगा वजनाने दबतात, वरच्या मोकळ्या होऊन बॉडीला वर ढकलतात. खालचं चाक एकदम खचल्याने बॉडीला जो झोल बसतो तो तिला आणखी पुढे नेतो. २५ अंशांची आडवी वाट डोळ्यांना फार भयंकर दिसत नाही. या सगळ्या बेरजेनंतर ती तुमच्या ४१ अंशांच्या दारात जाऊन उभी राहते.

तेव्हा चूक तुमची होती का? तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. वाट पायी चालून न बघता, वर भरलेल्या कॅरिअरसह आडव्या उतारावर गाडी घालणं ही चूक होती, आणि चालक म्हणून ती तुमची. खचणारी कड आधी कळली असती का, हे मी सांगू शकत नाही. काठी घेऊन चालत गेलं असतं तर कदाचित. पण वेग तुमच्या हातात होता आणि तो तुम्ही कमी ठेवलात. पट्टा तुमच्या हातात होता आणि तो दोघांनी लावला होता. भाऊ आज ‘ताई, पुन्हा बांधू’ म्हणतोय ते त्यामुळे. पुढच्या वेळी आडव्या उतारावर वरचं चाक हलकं होतंय असं वाटलं, तर स्टिअरिंग लगेच उताराच्या दिशेने, खाली वळवायचं. मन उलट सांगतं, वर वळवावंसं वाटतं, म्हणून हे सपाट जागेवर मनात घोकून ठेवावं लागतं. चढ अर्ध्यात सुटला तरी तोच नियम: गाडी आडवी वळवायची नाही, लो रेंजच्या रिव्हर्स गिअरमध्ये सरळ रेषेत मागे उतरायचं.

म्हणून बांधणीतलं पहिलं काम फुकटचं आहे. कॅरिअर उतरवा. स्टेपनी मागच्या दारावर किंवा आत खाली, कॅन जमिनीलगत. उंच केलेल्या स्प्रिंगा पुन्हा खाली आणता येतात का बघा. टायर घासत असतील तर गाडी वर उचलण्यापेक्षा मडगार्ड कापणं बरं. चाकं थोडी बाहेर घेऊन रुंदी वाढवता येते, पण चाकामागे बसवायच्या स्पेसरने बेअरिंगवर ताण वाढतो, त्यामुळे त्यात लोभ नको. गाडी किती अंश कलली ते दाखवणारा कलमापक डॅशवर लावा. तो तुम्हाला वाचवणार नाही, पण २५ अंश म्हणजे अंगाला कसं वाटतं हे शिकवेल.

दुसरं काम चेसिस. दोन्ही बाजूंच्या सारख्या बोल्टच्या भोकांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि तिरके कर्ण मोजा. जुळले नाहीत तर चेसिस पिळली आहे. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे, स्प्रिंगांच्या हँगरपाशी आणि जुन्या वेल्डिंगच्या कडेला तडे शोधा, रंग खरवडून. टाय रॉड, बॉल जॉइंट, रिम, ॲक्सलची नळी, ब्रेकच्या नळ्या हे सगळं एकेक करून तपासायचं. स्टिअरिंगचा वाकलेला भाग तापवून सरळ करून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, नवा टाका. चेसिस पिळलेली निघाली तर घरच्यांचं म्हणणं ऐका. ती गाडी सुट्या भागांसाठी ठेवा आणि दुसऱ्या चेसिसवर उभी करा. हा निर्णय मोजमापाने घ्या, मायेने नको.

आता केज. पाण्याचा किंवा गॅसचा पाइप कुणी दाखवला तर शेडमधून बाहेर पडा. तो आतून द्रव वाहून नेण्यासाठी बनतो, बाहेरून आपटण्यासाठी बनत नाही; शिवणीवर फाटतो. मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएच्या नियमावलीत, परिशिष्ट जेच्या कलम २५३ मध्ये जे आकडे आहेत ते निदान समोर ठेवा. थंड अवस्थेत ओढलेला, शिवण नसलेला, साध्या कार्बन पोलादाचा पाइप, ताणबळ किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मुख्य हूपसाठी, म्हणजे सीटच्या मागे डोक्यावरून जाणाऱ्या कमानीसाठी, ४५ मि.मी. व्यास आणि २.५ मि.मी. जाडी, किंवा ५० आणि २. बाकीच्या पाइपांना ३८ आणि २.५, किंवा ४० आणि २. बेंड थंडच काढायचा, बेंडची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट, आणि बेंडमध्ये पाइप चपटा झाला तर लहान व्यास मोठ्याच्या नव्वद टक्क्यांखाली जाता कामा नये. हे शर्यतीच्या गाड्यांसाठीचे किमान आकडे आहेत. तुमची गाडी भरल्यावर जड असेल, त्यामुळे जाडी याच्या वरच ठेवा. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद) हलकं असतं, पण त्याला टिग वेल्डिंगचा कसलेला हात लागतो. साध्या पोलादाचा चांगला केज वाईट वेल्डिंगच्या क्रोमोलीपेक्षा कितीतरी बरा.

पाइपपेक्षाही जास्त वेळ केजच्या पायांवर द्या. मी एक केज पाहिला आहे, पाइप उत्तम, बेंड सुरेख, पण पाय नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर बोल्ट केलेले. गाडी उलटली तेव्हा पाइपाला साधा पोचा आला नाही. पाय पत्रा फोडून खाली गेले आणि अख्खा केज माणसांच्या डोक्यावर उतरला. त्याच नियमावलीत मुख्य हूपच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मि.मी. जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि ८.८ ग्रेडचे एम ८ चे निदान तीन बोल्ट सांगितलेत, ते याच कारणासाठी. हूपला एक तिरका पाइप हवाच. तो नसेल तर चौकट बाजूच्या धक्क्याने पत्त्याच्या घरासारखी तिरपी होते. मागे जाणारे दोन आधारही हवेत, उभ्या रेषेपासून किमान ३० अंश तिरपे. फॅब्रिकेटर आठवड्यात देतो म्हणतो, त्याला विचारा की पायांचं काय करणार. उत्तर ऐकून ठरवा.

आत की बाहेर? तुमच्या गाडीसाठी माझं मत आतला, पण एका अटीवर. पट्टा लावून बसल्यावर डोक्यापासून पाइपांपर्यंत जागा उरली पाहिजे. उलटं लटकलं की शरीर सीटमधून उचललं जातं, पट्टा ताणतो, डोकं वर आणि बाजूला जातं. सीटवर बसा, भावाला सांगा की पट्टा सैल समजून तुमचं डोकं हाताने हळूहळू सगळीकडे न्यायला. जिथे जिथे ते पाइपाला लागेल तिथे दाट, कडक पॅडिंग. गाद्यांचा स्पंज किंवा एसीच्या नळीचं आवरण बोटाने दबतं, तिथे डोकं सरळ पाइपावर जातं. रस्त्यावर विना हेल्मेट चालवायच्या गाडीत डोक्याजवळचा उघडा पाइप रोजचा धोका आहे, साध्या ब्रेकच्या धक्क्यातही. तेवढी जागा नसेल तर बाहेरचा पिंजरा चालेल, पण तो चेसिसला धरलेला हवा, पत्र्याला चिकटवलेला नको.

शिडीच्या चेसिसवर बॉडी रबरी बुशांवर बसते आणि दोघी वेगवेगळ्या हलतात, हे मात्र विसरू नका. सीट बॉडीला, पट्टा केजला आणि केज चेसिसला, असं केलं तर आपटताना सीट एकीकडे आणि पट्टा दुसरीकडे ओढला जातो. सीट, पट्टा आणि केज या तिघांचा पाया एकच असला पाहिजे. पूर्ण कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकतं तेही हेच.

चार पट्ट्यांच्या हार्नेसला माझा स्पष्ट नकार. मांड्यांच्या मधून जाणारा पट्टा नसेल तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर, पोटावर ओढतात आणि शरीर त्याखालून घसरतं. शिवाय हार्नेस धडाला ताठ बांधून ठेवतो; छप्पर खाली आलं तर वाकायला वाव उरत नाही. हार्नेस हवाच असेल तर सगळंच घ्या: पाच किंवा सहा पट्टे, त्यासाठी भोकं असलेली एकसंध सीट, खांद्याचे पट्टे मागे जवळपास आडवे जातील असा केजचा आडवा पाइप, आणि हेल्मेट. अर्धवट नको. तुम्ही ही गाडी रस्त्यावरही चालवणार असाल तर नवे तीन बिंदूंचे पट्टेच बसवा. नवेच, कारण जुन्या पट्ट्यांनी त्या दिवशी तुमचं वजन झेललंय. त्यांचे धागे ताणलेत आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कमरेचा भाग हाडावर, पोटावर कधीच नाही.

जॅकसाठी बोल्टने बसवलेला कंस, हत्यारांच्या पेटीसाठी चेसिसपर्यंत जाणारे हुक आणि रॅचेटचे पट्टे, मागे जाळी. एक नियम पुरे: जी वस्तू तुम्ही उलटी धरून हलवली तर पडेल ती गाडीत सुटी ठेवायची नाही. पट्टा कापायची सुरी आणि अग्निशामक मात्र पट्टा लावलेल्या हाताला पोचतील अशा जागी. आणि उलटं लटकलात तर बकल सोडण्याआधी एक हात छपराला, पाय फळीला. नाहीतर मानेवर पडाल. त्या दिवशी तुम्ही ते कसं केलंत ते लिहिलं नाहीत.

भावाचा हात राहिला. त्याने चौकट धरली ती हिंमत कमी म्हणून नाही. पडताना हात आधार शोधतोच. म्हणून त्याला आधार आतच द्या. डॅशवर मधोमध, त्याच्या गुडघ्यांसमोर धरायचा पाइप, आणि खिडक्यांना जाळी. हे दोन्ही कुठे लावायचं ते त्यालाच सीटवर बसवून ठरवा, बोटं बरी झाल्यावर, त्याच्या हाताच्या मापाने. तो पुन्हा बसेल की नाही हेही तेव्हाच विचारा, आणि नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नका.

बांधणी झाल्यावर विमा आणि नोंदणीच्या दृष्टीने बदल कळवावे लागतात का ते तुमच्याकडे विचारून घ्या. गाडी पुन्हा तपासणाऱ्याने बांधणाऱ्यापेक्षा वेगळं असावं. केजच्या प्रत्येक वेल्डला, विशेषतः छपराच्या वरच्या बाजूच्या, जिथे वेल्डिंगचा टॉर्च नीट पोचत नाही, तिथे आरसा धरून बघायला सांगा. पाइप पूर्ण गोल वेल्ड झालेला हवा, रंग त्यानंतर.

मोजमापं आणि फोटो पाठवलेत तर पायांच्या प्लेटा कुठे घ्याव्यात ते बघून सांगेन. पण डॉक्टर काय म्हणाले, ते त्याआधी कळवा.